अन्नाची वाट आणि माणसाची वाट

दर बुधवारीं नाशकांत गोदावरीच्या घाटावर, गाडगे महाराज पुलाच्या आसपास, जो आठवड्याचा बाजार भरतो तो बहुतेक नाशिककरांनीं लहानपणापासून पाहिलेला असतो. आणि जी गोष्ट लहानपणापासून पाहिलेली असते तिच्याविषयीं विचार करण्याचें आपणांस सहसा कारण पडत नाहीं. पालेभाज्यांचे ढीग, मिरच्यांच्या राशी, तागडी धरून बसलेल्या बाया आणि वरून पुलावरून धांवणारीं वाहनें हें दृश्य इतकें परिचयाचें आहे कीं, बाजार आठवड्यांतून एकदांच कां भरतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. वास्तविक ह्या साध्या प्रश्नांत आमच्या जिल्ह्याच्या अन्नाचा व आरोग्याचा बराचसा इतिहास सांठलेला आहे.

अन्नाचा इतिहास म्हणजे पाऊस, जमीन व पीक यांचा इतिहास अशी आपली सामान्य समजूत असते. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. नाशिक जिल्ह्याकडे पाहिलें म्हणजे तिचें अपुरेपण ताबडतोब ध्यानांत येतें. निफाड-दिंडोरीचीं द्राक्षें परदेशीं जातात. लासलगांवच्या कांद्याच्या भावानें दिल्लींतील मंत्री अस्वस्थ होतात. मुंबईच्या भाजीबाजाराला नाशिककडच्या गाड्या एक रात्र आल्या नाहींत तर सकाळीं भाव चढतात. आणि ह्याच जिल्ह्यांतील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर ह्या तालुक्यांचीं नांवें कुपोषित बालकांच्या संदर्भांत वर्षानुवर्षें वर्तमानपत्रांत येत असतात. पश्चिमेकडील ह्या डोंगराळ तालुक्यांत पाऊस कमी पडतो असें नाहीं. उलट पूर्वेकडील सिन्नर-येवल्याच्या कितीतरी पट पडतो. तेव्हां केवळ पावसावर बोट ठेवून भागत नाहीं. अन्न आणि माणूस यांच्यामध्यें जें अंतर असतें तें कोणी चालावयाचें, अन्नानें कीं माणसानें, ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या काळांत जसें दिलें गेलें तसें त्या काळांत लोकांचें पोट व प्रकृति राहिली, असें माझें म्हणणें आहे. आणि तें येथें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

प्रथम पायीं चालण्याचा काळ घेऊं. डोक्यावर ओझें घेतलेला मनुष्य सकाळीं निघून, बाजार करून, दिवेलागणीच्या आंत घरीं परतावयाचा तर बाजार त्याच्या गांवापासून तीन-चार कोसांच्या पलीकडे असून चालत नाहीं. दर दोन-चार गांवांना रोजचा बाजार परवडणें शक्य नव्हतें, आणि रोज इतकें चालणें शेतकऱ्याला शक्य नव्हतें. ह्या दोन अशक्यतांतून आठवड्याचा बाजार निर्माण झाला. आज ह्या गांवीं, उद्यां त्या गांवीं अशी वारांची वांटणी झाली; व्यापारी आपला माल घेऊन गांवोगांव फिरूं लागला आणि अंतराचा मोठा हिस्सा त्यानें आपल्या पायांवर घेतला. पोटाचें मुख्य धान्य घरच्या शेतांतच होतें: पूर्वेस बाजरी, पश्चिमेच्या डांगांत नागली, वरई व भात. बाजारांतून आणावयाचें तें मीठ, मिरची, तेल, गूळ, कापड. म्हणजे अन्न उंबऱ्यापाशीं आणि चव तीन कोसांवर, अशी ती व्यवस्था होती.

ह्या व्यवस्थेचें कौतुक करण्याचा मोह पडतो, आणि आमच्या पिढीच्या लेखकांनीं तो पुष्कळदां आवरलेला नाहीं. म्हणून तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरचें पीक बुडालें तर दूरचें धान्य आणावयाचें कसें? तें काम लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होतें. शेंकडों बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते थळ घाटानें कोंकणांतलें मीठ वर आणीत व देशावरचें धान्य खालीं नेत. परंतु बैल हें वाहन चाऱ्यावर आणि पाण्यावर चालतें. ज्या वर्षीं पाऊस पडत नाहीं त्या वर्षीं वाटेवरचें गवत आणि पाणवठेही आटतात. म्हणजे धान्याची गरज ज्या वर्षीं सर्वांत अधिक त्याच वर्षीं धान्य वाहण्याचें साधन लंगडें पडावयाचें. पन्नास कोसांवर धान्याचीं पेवें भरलेलीं असतांना माणसें भुकेनें मेलीं, अशा गोष्टी जुन्या दुष्काळांच्या आठवणींत येतात त्यांचें कारण हेंच होय. त्या काळीं माणसाला मारणारें अंतर हें धान्यानें न चाललेलें अंतर होतें.

१८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी सुरू झाली आणि हें सारें पालटलें. जो माल घाट उतरून मुंबईस जाण्यास कित्येक दिवस लागत तो आतां काहीं तासांत जाऊं लागला. तांड्यांचा धंदा बसला. पुष्कळ वंजारी कुटुंबें पुढें सिन्नर-निफाडकडे शेतीवर स्थिर झालेलीं दिसतात. आतां चारा नसला तरी धान्य येऊं शकत होतें. दुष्काळाचें कायमचें निवारण झालें, असें त्या वेळच्या राज्यकर्त्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु रुळांना दोन्ही दिशा असतात. ज्या गाडीनें धान्य येतें त्याच गाडीनें तें जातेंही. आणि तें कोणत्या बाजूला जावयाचें हें भुकेवर ठरत नसून भावावर ठरतें. आयर्लंडांत १८४५ नंतरच्या दुष्काळांत बटाट्याचें पीक नासून लोक मरत असतां बंदरांतून धान्याचीं जहाजें बाहेर जात होतीं, ही गोष्ट इंग्रजी शिकलेल्या कोणासही ठाऊक असते. आमच्याकडे १८७६-७८ च्या दुष्काळानें तोच धडा दिला. पूर्वेकडील तालुक्यांत पावसानें दगा दिला. धान्य आगगाडीनें येऊं शकत होतें. पण ज्याच्या शेतांत काम उरलें नाहीं त्याच्या हातांत तें विकत घेण्यास पैसा नव्हता. धान्यानें आपलें अंतर चालून पुरें केलें होतें. उरलेलें अंतर माणसाच्या खिशाचें होतें, आणि तें भरून काढण्यासाठीं सरकारनें दुष्काळी कामें काढलीं.

येथें ह्या इतिहासांतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट येते. खरा भुकेलेला कोण आणि फुकट खाण्यास आलेला कोण, हें ओळखावयाचें कसें, अशी राज्यकर्त्यांस चिंता होती. सर रिचर्ड टेंपल यांस १८७७ च्या आरंभीं हिंदुस्थान सरकारनें दुष्काळाच्या पाहणीस पाठविलें. त्याच वर्षीं ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. मद्रास इलाख्यासाठीं त्यांनीं जें धोरण पुरस्कारिलें त्यांत अंतराचीच कसोटी होती: धडधाकट मनुष्यास घरापासून दहा मैलांच्या आंत काम द्यावयाचें नाहीं. जो दहा मैल चालून येईल तो खरा गरजू. आणि मजुरी धान्याच्या भाषेंत सांगावयाची तर प्रौढ पुरुषास दिवसास एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसा. मुंबई इलाख्यांतही गांवाजवळचीं लहान कामें आंवरून मजुरांस दूरच्या मोठ्या कामांवर पाठवावें, हेंच धोरण आलें.

ह्या कसोटीचा हिशेब आजच्या आहारशास्त्राच्या साह्यानें कोणालाही मांडतां येईल. पंचेचाळीस-पन्नास किलो वजनाच्या माणसास एक किलोमीटर चालण्यास सुमारें ४० ते ५० उष्मांक लागतात. दहा मैल म्हणजे १६ किलोमीटर, जाऊन-येऊन ३२. ह्याला १,३०० ते १,६०० उष्मांक झाले. एक पौंड धान्यांत मिळून १,५०० ते १,६०० उष्मांक असतात. म्हणजे घरीं राहून रोज कामावर जावयाचें म्हटलें तर मिळालेलें सर्व धान्य जवळजवळ वाटेवरच खर्च व्हावयाचें. खडी फोडण्यास, माती वाहण्यास, आणि नुसतें जिवंत राहण्यास काय उरणार? घरीं बसलेल्या म्हाताऱ्यासाठीं व पोरांसाठीं काय उरणार, हें तर बोलावयासच नको. हें जमत नाहीं म्हणून घरदार सोडून कामाच्या छावणींत जाऊन राहावयाचें, तर तेथें हजारों माणसांची दाटी, गढूळ पाणी आणि त्यामागोमाग पटकी. भुकेनें खचलेलें शरीर रोगाला किती दिवस तोंड देणार? दुष्काळांत मेलेल्यांपैकीं पुष्कळ जण प्रत्यक्ष उपासानें नव्हे तर पटकी, हगवण व हिंवताप यांनीं मेले, ह्याचें एक कारण ह्या सक्तीच्या प्रवासांत आहे.

लोकांनीं हें मुकाट्यानें सोसलें असें मात्र नाहीं. १८७७ च्या जानेवारींत मजुरी कमी केली व दूरच्या कामांवर जाण्याचा हुकूम सुटला तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, जिचे सूत्रधार गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका होते, त्यांचें गाऱ्हाणें सरकारपुढें मांडलें. भुकेल्या माणसानें मिळत असलेलें काम सोडून जावें ह्याचा अर्थ अधिकाऱ्यांनीं हट्ट असा केला. मला वाटतें तो साधा हिशेब होता. वरचा जो हिशेब आपण कागदावर मांडला तो त्या लोकांनीं पायांनीं मांडला होता.

दुष्काळाचा काळ मागें पडून पुढें कारखान्यांचा काळ आला आणि अंतराचा प्रश्न निराळ्या वेषांत नाशकांत शिरला. नाशिक रोडचें स्टेशन मूळ गांवापासून सुमारें आठ किलोमीटर दूर. हें अंतर तोडण्यासाठीं १८८९ च्या सुमारास घोड्यांची ट्राम घालण्यांत आली. तोटा सोसत ती १९३३ च्या सुमारास बंद पडली. तोंवर स्टेशनाकडे सरकारी छापखाना उभा राहिला होता. १९२५ मध्यें तेथें तिकिटें छापण्यास आरंभ झाला व १९२८ मध्यें नोटा. पुढें १९६० नंतर ओझरला विमानांचा कारखाना व सातपूरला औद्योगिक वसाहत झाली. ज्या गांवांत मनुष्य दुपारीं जेवण्यास घरीं येत असे त्या गांवांत आतां तो सकाळीं डबा घेऊन निघूं लागला. अन्न शिजण्याची जागा आणि खाण्याची जागा एक राहिली नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु ताजी भाकरी, ताक, पातळ भाजी हें सारें डब्यांत राहत नाहीं. डब्यांत पोळी, कोरडी भाजी, लोणचें राहतें, आणि जें राहतें तेंच हळूहळू आपलें जेवण होतें.

१९७५ सालीं मनमाडहून मुंबईस पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हां हें अंतर एकदम सुमारें १९० किलोमीटरांचें झालें. सकाळीं सातच्या सुमारास नाशिक रोडला गाडींत बसावयाचें, मुंबईंत नोकरी करावयाची आणि रात्रीं दहाच्या सुमारास परत उतरावयाचें असा क्रम वर्षानुवर्षें चालविणारीं माणसें ह्या शहरांत आहेत. त्यांच्या चिकाटीबद्दल आदर वाटतो. पण त्यांच्या जेवणाकडे पाहावें. न्याहारी गाडींत, दुपारचा डबा कचेरींत, संध्याकाळीं फलाटावरचा वडापाव, आणि मुख्य जेवण रात्रीं अकराला, ज्यावर लगेच निजावयाचें. शिवाय त्या डब्यासाठीं घरांतील बाईस पहाटे चारला उठावें लागतें आणि रात्रीं शेवटचें ताट वाढून झाल्याशिवाय तिचा दिवस मिटत नाहीं. ती गाडींत कधीं बसत नाहीं. तरी त्या प्रवासाचा अर्धा शीण तिच्या वांट्याला येतो. अंतर चालणारा आणि अंतराचा भार वाहणारा हे नेहमीं एकच नसतात, ही गोष्ट इतिहास लिहिणाराच्या नजरेंतून बहुधा सुटते.

आतां पश्चिमेकडील तालुक्यांकडे परत येऊं. तेथील कोकणा, वारली, महादेव कोळी ह्या लोकांचें अन्न पूर्वीं त्यांच्या उतारावरच्या शेतांत व रानांत होतें: नागलीची भाकरी, वरईचा भात, पावसाळ्यांतल्या रानभाज्या, ओढ्यांतले मासे. भाताचें पीक निघालें कीं घरांत काम नाहीं. आणि जानेवारीपासून द्राक्षांची तोड, एप्रिल व ऑक्टोबरांत छाटणी ह्यांसाठीं निफाड-दिंडोरीच्या बागांना हात हवे असतात. म्हणून जीपगाड्या भरभरून माणसें डोंगर उतरतात. काहीं रोज पहाटे शहराच्या नाक्यावर उभीं राहतात. काहीं बिऱ्हाडासह महिनोन् महिने बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात. जो मळा परदेशीं द्राक्षें पाठवितो त्याच्या बांधावर ह्यांची चूल असते, आणि त्या चुलीवर बहुधा भात व मीठ-मिरचीचें पाणी. लहान मूल सावलींत झोळींत; थोरलें त्याला सांभाळण्यास. त्याच्या हातीं दुकानांतला पाच रुपयांचा पुडा.

सरकारनें ह्यांच्यासाठीं काहीं केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९४३ मध्यें महायुद्धाच्या टंचाईंत मुंबईस शिधावांटप सुरू झालें, तेव्हांपासून शिधापत्रिका ही आपल्या ओळखीची वस्तु आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला बालविकास योजना निघून अंगणवाड्या आल्या. २०१३ च्या कायद्यानें पात्र कुटुंबांतील माणशीं दरमहा ५ किलो धान्याचा हक्क मान्य झाला. २०१५ मध्यें आदिवासी भागांतील गर्भवती व स्तनदा मातांस एक वेळचें चौरस जेवण देण्याची योजना निघाली. हेतु सर्व उत्तम. परंतु ह्या सर्वांत एक गृहीत धरलेलें होतें: माणूस आपल्या गांवीं असतो. धान्य गांवच्या दुकानांत, जेवण गांवच्या अंगणवाडींत, आणि माणूस ऐन भुकेच्या महिन्यांत साठ किलोमीटर दूर, द्राक्षाच्या बागेंत. १८७७ सालीं सरकारनें भुकेल्याची परीक्षा पाहण्यासाठीं बुद्ध्या अंतर घातलें; पुढें सरकारनें दयाबुद्धीनें अन्न दिलें, पण अंतर मोजण्याचें राहून गेलें. हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक; भुकेल्या पोराला मात्र तो फरक कळण्याचा मार्ग नाहीं.

ही चूक अगदीं अलीकडे उमगूं लागली. २०१९ च्या ऑगस्टांत काहीं राज्यांच्या जोड्यांमध्यें, त्यांत महाराष्ट्र व गुजराथ ही एक, एका ठिकाणची शिधापत्रिका दुसऱ्या ठिकाणीं चालावी अशी सोय सुरू झाली. पुढच्याच वर्षीं तिची गरज किती होती हें साऱ्या देशानें पाहिलें. २०२० च्या मार्चअखेर सर्व व्यवहार बंद झाले आणि मुंबई-आग्रा रस्त्यानें, कसाऱ्याचा घाट चढून, नाशिकवरून उत्तरेकडे माणसांची रांग लागली. डोक्यावर बोचकें, कडेवर मूल. ज्या शहरांत आपण राहिलों, राबलों, तेथें आपल्या नांवाचें धान्य नाहीं, तें हजार मैलांवरच्या गांवीं आहे, हें ज्यांस पक्कें ठाऊक होतें त्यांनीं दुसरें काय करावयाचें होतें? १ मेच्या रात्रीं नाशिक रोडहून भोपाळकडे श्रमिकांची गाडी सुटली, हें नमूद केलें पाहिजे. वाटेवरच्या गांवकऱ्यांनीं व शहरांतील संस्थांनीं अनेकांच्या हातावर भाकरी ठेवली, हेंही. त्याच वर्षीं ७ ऑगस्टला देवळालीहून बिहारांतील दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली. नाशिकची भाजी आणि फळें ज्या दिशेनें गाडीच्या डब्यांतून गेलीं त्याच दिशेनें तीनच महिन्यांपूर्वीं माणसें पायीं गेलीं होतीं. एवढ्या एका वर्षांत अन्नाची वाट आणि माणसाची वाट ह्या दोहोंचा सबंध इतिहास पुन्हां एकदां डोळ्यांपुढून गेला.

कोणी म्हणेल कीं रस्ते झाले, मोटारी झाल्या, आतां अंतराची कथा ती काय? पण वाहन अंतर नाहींसें करीत नाहीं. तें माणसाला अधिक दूर पाठवितें. पूर्वीं जो तीन कोस जाई तो आतां तीस कोस जातो, आणि घरापासून दूर काढावयाचे तास बहुधा वाढतातच. शिवाय वाहनानें वांटणी विषम केली आहे. शहरांतला सुखवस्तु मनुष्य भाजी घेण्यास कोपऱ्यापर्यंतही चालत नाहीं, आणि रविवारीं दहा किलोमीटर मोटार हांकून मळ्यांतली मिसळ खाण्यास जातो. त्याला वैद्य सांगतो, चाला. पेठकडच्या बाईला उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं डोंगर उतरून चढावा लागतो. तिला चालावें कमी हें कोणी सांगावयाचें? एकाचा रोग न चालण्याचा, दुसरीचा चालण्याचा. दोघेही एकाच जिल्ह्याचे रहिवासी.

इतिहासाचा उपयोग मागच्यांना दोष देण्यापुरता असेल तर तो न शिकलेला बरा. पण त्यांतून एक मोजपट्टी हातीं लागते. १८७७ मध्यें दहा मैलांच्या आंत काम नाहीं असें ठरलें होतें. २००५ च्या रोजगाराच्या कायद्यांत काम शक्यतों पांच किलोमीटरांच्या आंत द्यावें, तसें न झाल्यास दहा टक्के मजुरी अधिक द्यावी, असें कलम घालण्यांत आलें. अमलांत त्याचें काय झालें हा वाद निराळा. पण अंतर ही भुकेल्याची परीक्षा नसून त्याच्यावरचा खर्च आहे, आणि तो खर्च समाजानें उचलावयाचा आहे, एवढें तत्त्व कायद्यांत लिहिलें जाण्यास सव्वाशें वर्षें लागलीं. अन्नाची कोणतीही योजना पुढें आली म्हणजे तींत धान्य किती ह्या प्रश्नाबरोबर वाट किती, ती कोणीं चालावयाची आणि कोणत्या महिन्यांत, हे तीन प्रश्न विचारले जावेत.

बुधवारच्या बाजारांत सूर्य मावळतांना उरलेली मेथी स्वस्तांत विकून बाया उठतात. पूर्वीं त्या पायीं परतत. आतां रिक्षानें, बसनें जातात. ज्या कोण्या विस्मृत माणसांनीं वारांची वांटणी करून बाजार गांवाजवळ आणला त्यांना आहारशास्त्र ठाऊक नव्हतें, उष्मांकांचा हिशेब ठाऊक नव्हता. डोक्यावर ओझें घेतलेला मनुष्य दिवेलागणीच्या आंत घरीं पोहोंचला पाहिजे, एवढें मात्र ठाऊक होतें; आणि त्यावरून त्यांनीं सबंध व्यवस्था बांधली.